आधी पाठ, मग चेहरा: जुनी अमेरिकन पत्रं आणि फोटो कसे वाचायचे

अमेरिकेतली उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं आपसांत लढली त्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५), जुलै १८६३च्या सुरुवातीला, पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गमध्ये तीन दिवस लढाई झाली. त्यानंतर गावात एका सैनिकाचं प्रेत सापडलं. नाव सांगेल असं अंगावर काहीच नव्हतं. हातात तेवढा काचेवरचा एक छोटा फोटो होता, त्यात तीन मुलं. फिरत फिरत तो फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन बर्न्स यांच्याकडे पोचला. वर्तमानपत्रात फोटो छापण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं, म्हणून १९ ऑक्टोबर १८६३ रोजी ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ने फोटोचं नुसतं वर्णन छापलं: धाकटा मुलगा उंच खुर्चीत बसलेला, एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला बहीण, आणि थोरल्याच्या अंगात जे कापड आहे तेच बहिणीच्या झग्याला. ही बातमी एका धार्मिक साप्ताहिकात पुन्हा छापली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावी फिलिंडा ह्युमिस्टनपर्यंत पोचली. तिने नवऱ्याला असाच फोटो पाठवला होता आणि गेटिसबर्गनंतर त्याचं पत्र आलेलं नव्हतं. डॉक्टरांनी फोटोची कागदी प्रत पाठवली तेव्हा खात्री पटली. मेलेला सैनिक सार्जंट एमॉस ह्युमिस्टन होता, १५४व्या न्यूयॉर्क रेजिमेंटचा.

ओळख पटवायला मुलांचे चेहरे उपयोगी पडले नाहीत, कारण चेहरा शब्दांत सांगता येत नाही. उपयोगी पडलं ते एका ताग्यातून बेतलेलं कापड. आणि या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग पत्रांत आहे: एमॉसची घरी लिहिलेली पत्रं टिकली आहेत, आणि मे १८६३च्या पत्रात तो मुलांची छबी मिळाल्याचं, दुसऱ्या कशानेही इतका आनंद झाला नसता असं लिहितो. फोटो आणि पत्र एकमेकांना जोडले की तारीख, माणूस आणि प्रसंग जागेवर बसतात. एकटा फोटो किंवा एकटं पत्र बहुतेक वेळा अर्धवट बोलतं, आणि पुष्कळदा चुकीचंही.

या कामात नवखा माणूस पहिली चूक करतो ती मजकुराकडे धाव घेण्याची. चेहरा बघतो, पत्र वाचायला लागतो, भारावून जातो. जाणकार आधी वस्तू उलटी करतो. कशावर छापलंय, किती मोठं आहे, मागे काय चिकटवलंय, किती पैशांचं तिकीट लावलंय, घडी कशी घातलीय. मजकूर शेवटी.

फोटोपासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन फोटो हातात आला तर पहिला प्रश्न: हा धातूवर आहे, काचेवर की कागदावर?

धातूवर असून आरशासारखा चमकत असेल, थोडा तिरका केल्यावर कधी सरळ चित्र आणि कधी निगेटिव्ह दिसत असेल, तर तो डागेरोटाइप. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्यावर आयोडीनची वाफ देऊन तो प्रकाशाला संवेदनशील करायचा, आणि कॅमेऱ्यातून काढल्यावर पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं, अशी ही रीत. १८३९ साली पॅरिसमध्ये ती जाहीर झाली आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचा फोटो काढला. अमेरिकेत १८४०चं दशक आणि १८५०च्या दशकाचा मध्य हा याचा बहर. सगळ्यात खपणारा आकार होता २¾ × ३¼ इंच, म्हणजे तळहातात मावेल असा. चित्र पत्र्याच्या अगदी वरच्या पातळीवर बसलेलं असतं, त्याला वर कसलंही आवरण नाही. म्हणून काच काढून ‘जरा पुसून घेऊ’ म्हणणाऱ्याने एका फडक्यात माणूसच पुसून टाकलेला असतो. कडेने निळसर-तपकिरी वलय आत सरकताना दिसलं तर काच आणि पत्रा जोडणारी पट्टी सुटून आत हवा जातेय असं समजावं. ते काम जतनतज्ज्ञाचं. आपण केस बंद करून ठेवायची.

काचेवर असेल तर अँब्रोटाइप. ही खरं म्हणजे फिकट निगेटिव्ह आहे. मागे काळं कापड किंवा काळा रंग दिला की डोळ्यांना सरळ चित्र दिसतं. १८५४ नंतर हा प्रकार पसरला. ह्युमिस्टनच्या मुलांचा फोटो याच जातीचा. अशा फोटोत चेहऱ्यावर भोकं पडल्यासारखी दिसली तर घाबरायचं कारण नसतं: बहुतेक वेळा मागच्या काळ्या रंगाचे पोपडे निघालेले असतात, चित्र शाबूत असतं. मागे काळा कागद धरून बघितलं की ‘भोकं’ भरून येतात.

आणि चुंबकाला चिकटला तर टिनटाइप. नावात टिन आहे, पण पत्रा लोखंडाचा, वर काळं रोगण. १८५६ साली याचं पेटंट झालं. स्वस्त, न फुटणारा, पाकिटात घालून पाठवता येणारा, म्हणून यादवी युद्धात छावणीछावणीत हाच चालला. चुंबक बारीक घ्यावं आणि फोटोच्या मागच्या बाजूला अलगद टेकवावं; चित्रावर घासू नये.

या तिन्ही प्रकारांत एक गोम आहे. कॅमेऱ्यात गेलेली तबकडीच अंतिम फोटो होते, मधे निगेटिव्हवरून छापण्याची पायरी नसते. त्यामुळे चित्र सहसा आरशातल्यासारखं उलटं येतं. सैनिकाच्या पट्ट्यावरची अक्षरं उलटी, कोटाची बटणं भलत्या बाजूला, लग्नाची अंगठी भलत्या हातात. बिली द किड या न्यू मेक्सिकोतल्या कुप्रसिद्ध तरुणाला कित्येक वर्षं लोक डावखुरा समजत होते, कारण त्याच्या टिनटाइपमध्ये पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं. मग कोणीतरी त्याच्या हातातल्या बंदुकीकडे नीट पाहिलं. १८७३ मॉडेलच्या विंचेस्टरमध्ये गोळ्या भरायची खाच उजव्या अंगालाच असते, फोटोत ती डाव्या अंगाला होती. म्हणजे फोटो उलटा, माणूस उजवाच. सांगायचा मुद्दा असा की फोटोत अक्षरं, बटणं, बंदूक, घड्याळ यांतलं काहीतरी एक शोधायचं ज्याची बाजू आपल्याला पक्की माहीत आहे, आणि मगच ‘डावीकडे बसलेला’ असं लिहायचं.

कागदावरचे फोटो १८६०च्या सुमारास घरोघर पोचले. अडीच इंच रुंद, चार इंच उंच पुठ्ठ्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदाची छाप चिकटवलेली. याला कार्ट द व्हिजिट म्हणत. एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघायच्या, म्हणून लोक एकमेकांना वाटायचे, अल्बममध्ये लावायचे, विकायचेसुद्धा. सोजर्नर ट्रुथ ही गुलामगिरीतून सुटलेली, लिहिता-वाचता न येणारी वक्ती स्वतःचे असे फोटो विकून आपला खर्च भागवायची. त्यावर तिने छापून घेतलं होतं की देह चालवायला मी माझी सावली विकते. छायाचित्राला ‘सावली’ म्हणायची तेव्हा रीत होती. हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्या काळच्या पत्रांत ‘फोटो’ शोधत बसलात तर पुष्कळ उल्लेख निसटतील. लोक ‘लाइकनेस’ लिहायचे, ‘शॅडो’ लिहायचे, ‘पिक्चर’ लिहायचे. १८६६ नंतर सव्वाचार बाय साडेसहा इंचांचं कॅबिनेट कार्ड आलं आणि पुढची तीसेक वर्षं तेच दिवाणखान्यात मिरवलं.

आता कार्ड उलटं करा. मागे टपालाचं असावं असं एक तिकीट चिकटवलेलं दिसलं तर नशीब जोरावर आहे. ते टपालाचं नाही, रेव्हेन्यू स्टॅम्प आहे. युद्धाचा खर्च काढायला सरकारने फोटोंवर कर बसवला होता, तो १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच काळ चालला. पंचवीस सेंटपर्यंतच्या फोटोला २ सेंट, पन्नासपर्यंत ३, एक डॉलरपर्यंत ५. म्हणजे तिकिटावरून फोटोची तारीख तेवीस महिन्यांच्या आत येते आणि वर त्या गिऱ्हाइकाने किती पैसे मोजले याचाही अंदाज लागतो. स्टुडिओवाल्याने तिकीट रद्द करताना त्यावर आद्याक्षरं आणि तारीख टाकली असेल तर सोन्याहून पिवळं; पुष्कळांनी कंटाळून नुसती एक रेघ ओढली आहे.

इथे एक सापळा सांगून ठेवतो. तिकीट कार्डाची तारीख सांगतं, फोटोतल्या क्षणाची नाही. मेलेल्या माणसाच्या जुन्या डागेरोटाइपचा पुन्हा फोटो काढून कार्डं करून घेणं ही तेव्हा सर्रास चाललेली गोष्ट होती. चित्राच्या कडेला जुन्या चौकटीची सावली, पितळी महिरपीची किनार किंवा काचेवरची चकाकी दिसली तर ते कार्ड म्हणजे नकलेची नक्कल. कपड्यांवरून साल ठरवतानाही असंच. साठीतली बाई वीस वर्षांपूर्वीच्या फॅशनचा झगा घालून बसलेली असू शकते. फोटोत जी सगळ्यात नवी वस्तू आहे तिच्यावरून ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच म्हणता येतं. १८९०च्या दशकाच्या मध्यातल्या फुगा बाह्या तरुण मुलीच्या अंगात दिसल्या तर बऱ्यापैकी भरवसा, आजीच्या अंगात दिसल्या तर जरा बेताने.

आणि इंटरनेटवर पसरलेल्या एका समजुतीबद्दल. जुन्या फोटोत पायांमागे लोखंडी स्टँडचा बुंधा दिसला की लोक म्हणतात, हा मेलेल्या माणसाला उभा करून काढलेला फोटो. तो स्टँड डोकं स्थिर ठेवायला होता, कारण फोटो निघेपर्यंत काही सेकंद हलून चालत नसे. त्या काटकुळ्या दांड्यावर प्रेत पेललं गेलं नसतं. मृतांचे फोटो काढत असत हे खरं, पण ते बहुतेक निजलेल्या स्थितीत, आणि पुष्कळदा लहान मुलांचे.

१८८८ साली कोडॅक आला आणि फोटो स्टुडिओबाहेर पडला. २५ डॉलरचा कॅमेरा, आत शंभर फोटोंची फिल्म भरलेली. संपली की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा आणि १० डॉलर भरून छापलेले फोटो व नव्या फिल्मसह परत घ्यायचा. या पहिल्या कॅमेऱ्याचे फोटो गोल असत, अडीच इंच व्यासाचे, त्यामुळे ते लगेच ओळखू येतात. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला आणि मुलंही फोटो काढू लागली. तेव्हापासून अमेरिकन फोटोत स्वयंपाकघर, अंगण, कुत्रा, वाकडं क्षितिज दिसायला लागतं. इतिहासाच्या दृष्टीने हे वाकडे फोटो स्टुडिओतल्या सरळ फोटोंपेक्षा कितीतरी बोलके आहेत. स्टुडिओतला पडदा, खांब आणि कधीकधी कोटसुद्धा उसना असायचा.

पोस्टकार्डावर छापलेल्या फोटोंचं साल काढायला दोन खुणा पुरतात. पाठीमागे मजकूर आणि पत्ता यांच्यामध्ये उभी रेघ असेल तर ते कार्ड मार्च १९०७ नंतरचं. त्याआधी पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायला परवानगी नव्हती. आणि तिकीट लावायच्या चौकोनात कागद बनवणाऱ्याचं नाव आणि बारीक खुणा असतात. ‘एझो’ नावाच्या कागदावर या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत छोटे त्रिकोण असतात; चारहींची टोकं वर असली तर साधारणपणे १९०४ ते १९१८, दोन वर आणि दोन खाली असली तर १९१८ ते १९३०. छापणाऱ्याकडे जुना कागद शिल्लक असू शकतो, म्हणून दोनचार वर्षांची सूट ठेवायची.

आता पत्रं. इथेही आधी पाकीट, मग पत्र. आणि पाकीट नसेल तर ते का नाही हा पहिला प्रश्न. १८४५च्या आधी टपालखर्च कागदाच्या संख्येवर आणि अंतरावर ठरायचा, पाकीट म्हणजे जादा कागद, म्हणजे दुप्पट दर. म्हणून लोक पत्राचाच कागद घडी घालून लाखेने बंद करायचे आणि बाहेरच्या कोऱ्या भागावर पत्ता लिहायचे. जागा वाचवायला पान भरलं की ते काटकोनात फिरवून त्याच ओळींवर आडव्या ओळी लिहायचे. असं जाळीदार पान पहिल्यांदा बघितलं की अशक्य वाटतं. कागद डोळ्यांपासून थोडा तिरका धरून ओळीच्या दिशेने बघितलं की एक थर पुढे येतो आणि दुसरा मागे जातो. स्कॅनवर मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे धीर धरून शब्दशब्द वाचावा लागतो.

त्या काळच्या टपालशिक्क्यावर महिना आणि दिवस असतो, पण साल बहुतेक वेळा नसतं. इथे दर कामाला येतो. साध्या देशांतर्गत पत्राला १८५१ पासून १८८३ पर्यंत ३ सेंट, मग २ सेंट. पहिल्या महायुद्धात नोव्हेंबर १९१७ ते जून १९१९ पुन्हा ३, परत २, जुलै १९३२ पासून ३, आणि ऑगस्ट १९५८ पासून ४. शहराच्या नावापुढे एकदोन आकडी विभाग क्रमांक असेल तर १९४३ किंवा नंतरचं. पाच आकडी झिप कोड असेल तर जुलै १९६३ नंतरचं. यादवी युद्धात सैनिकांकडे तिकिटं नसत, म्हणून १८६१च्या कायद्याने त्यांना पाकिटावर ‘सैनिकाचं पत्र’ असं लिहून, अधिकाऱ्याची सही घेऊन तिकिटाशिवाय पत्र टाकता येई. ३ सेंट घरच्यांनी भरायचे. दक्षिणेत कागदाचा दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी भिंतीवरच्या शोभेच्या कागदाची पाकिटं केली, आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरली. अशा पाकिटाच्या आत निळी-गुलाबी फुलं दिसतात. उत्तरेने केलेल्या सागरी नाकेबंदीने दक्षिणेचे काय हाल झाले ते सांगायला ती फुलं पुरेशी आहेत, पत्र लिहिणारी बाई मजकुरात सगळं ठीक आहे असंच लिहीत असली तरी.

पत्राच्या डोक्यावर नुसतं ‘रविवार, १२ ऑक्टोबर’ असेल तर शंभर वर्षांचं कॅलेंडर काढायचं. युद्धाच्या वर्षांत हा मेळ फक्त १८६२ ला बसतो. जानेवारीतल्या पत्रांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. नवं वर्ष लागल्यावरही हात जुनंच साल लिहितो, तेव्हाही आणि आताही. ‘५ इन्स्टंटचं पत्र मिळालं’ म्हणजे याच महिन्याच्या ५ तारखेचं, ‘अल्टिमो’ म्हणजे गेल्या महिन्याचं. एवढ्यावरून हरवलेल्या पत्रांचीही यादी करता येते: कोणी कोणाला कधी लिहिलं आणि पोचायला किती दिवस लागले.

अक्षर वाचताना अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. दोन ‘एस’ लागोपाठ आले तर पहिला ‘एफ’सारखा लांब काढायची जुनी सवय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली होती, त्यामुळे मिसिसिपी भलतीच दिसते. कमी शिकलेला सैनिक कानाला ऐकू येईल तसं स्पेलिंग करतो. अशा वेळी मोठ्याने वाचलं की अर्थ लागतो, आणि बोनस म्हणून त्याचा गावाकडचा उच्चारही कळतो. नक्कल उतरवताना स्पेलिंग ‘सुधारू’ नये, हा उच्चार त्यातच असतो. वाक्प्रचारांनी दगा द्यायची शक्यता वेगळीच. ‘मी हत्ती पाहिला’ असं सैनिकाने लिहिलं असेल तर गावात सर्कस आली नव्हती. त्याने पहिली लढाई पाहिली होती.

पिकलेल्या पानासारखी तपकिरी झालेली शाई मुळात काळी होती. माजूफळ आणि लोहक्षार यांची ती शाई काळाबरोबर तपकिरी होते आणि कधीकधी कागदाला खाऊन आरपार जाते. अशा पानाला ओलावा दाखवायचा नाही. अक्षर फिकं असेल तर रंगीत स्कॅन करून त्यातला फक्त निळा चॅनेल, म्हणजे चित्रातला निळ्या रंगाचा थर, बघावा. तपकिरी शाई निळा प्रकाश शोषते, त्यामुळे अक्षरं कागदापासून उठून दिसतात. काळा-पांढरा स्कॅन करणारे ही सोय सुरुवातीलाच गमावतात.

मजकुरावर विश्वास किती ठेवायचा? ऱ्होड आयलंडच्या मेजर सलिव्हन बलूने १४ जुलै १८६१ रोजी वॉशिंग्टनजवळच्या छावणीतून पत्नी सॅराला लिहिलेलं पत्र अमेरिकेत आज बहुधा सगळ्यात जास्त वाचलं जाणारं युद्धपत्र आहे. आठवड्याभरात बुल रनच्या लढाईत तो जायबंदी झाला आणि पुढे काही दिवसांत गेला. पण त्या पत्राचं मूळ हस्तलिखित सापडलेलं नाही. आहेत त्या इतरांच्या हातच्या नकला, त्याही शब्दाशब्दांत वेगळ्या. म्हणून ते पत्र खोटं ठरत नाही. मात्र त्यातल्या एखाद्या स्वल्पविरामावर सिद्धान्त उभारायचा नाही.

दुसरं उदाहरण जॉर्डन अँडरसनचं. टेनेसीतला हा गुलाम मुक्त होऊन ओहायोतल्या डेटनला आला. जुन्या मालकाने कामावर परत बोलावलं, तेव्हा त्याने ७ ऑगस्ट १८६५ रोजी उत्तर लिहून घेतलं: तुमची सचोटी पाहायची म्हणून आधी मागचा पगार द्या. माझी ३२ वर्षं, महिना २५ डॉलर. बायको मँडीची २० वर्षं, आठवड्याला २ डॉलर. एकूण ११,६८० डॉलर. हिशेब करून पाहा: ९,६०० अधिक २,०८०. बरोबर जुळतो. हे पत्र वर्तमानपत्रात छापून आलं, आणि उपरोध इतका धारदार की कुणा गोऱ्या संपादकाची करामत असावी अशी शंका लोकांनी घेतली. शंकेचं निरसन मजकुरातून होत नाही, बाहेरून होतं. जनगणनेच्या कागदांत हा माणूस बायकोमुलांसह डेटनमध्येच राहताना सापडतो. शब्द त्याने सांगितले, लिहिणारा हात दुसऱ्याचा. मधल्या माणसाने किती पॉलिश केलं हा प्रश्न उरतोच. निरक्षर माणसाच्या प्रत्येक पत्राबाबत तो विचारावा लागतो.

जनगणनेची कागदपत्रं ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची १ एप्रिल २०२२ ला झाली. पण १८९० च्या जनगणनेचा बहुतेक भाग १९२१ च्या आगीत गेला, त्यामुळे १८८० ते १९०० मध्ये वीस वर्षांचं भगदाड आहे. आणि १२ जुलै १९७३ ला सेंट लुइसच्या लष्करी दफ्तरखान्याला आग लागली, तेव्हा नोव्हेंबर १९१२ ते १९५९ अखेरपर्यंत भूदलातून मोकळ्या झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के सैनिकांच्या फायली जळाल्या. या दोन काळांतल्या घरगुती पत्रांना आणि गणवेशातल्या फोटोंना मोल चढलं आहे ते यामुळे. कित्येक सैनिकांच्या बाबतीत बाहीवरच्या पट्ट्या आणि पाकिटावरचा लष्करी टपालक्रमांक एवढाच पुरावा उरलाय.

दुसऱ्या महायुद्धातली पत्रं वाचताना आणखी एक वाचक डोळ्यांपुढे ठेवावा लागतो: सेन्सॉर. साध्या शिपायाचं पत्र त्याच्याच तुकडीतला अधिकारी वाचायचा आणि गावाचं नाव दिसलं की ब्लेडने तेवढी खिडकी कापून काढायचा. आपला लेफ्टनंट वाचणार हे माहीत असताना कोण लेफ्टनंटबद्दल खरं लिहील? जून १९४२ पासून ‘व्ही-मेल’ निघाली. ठरावीक फॉर्मवर लिहायचं, त्याचा १६ मिलिमीटर फिल्मवर फोटो काढून फिल्म विमानाने जायची आणि पलीकडे साधारण सव्वाचार बाय सव्वापाच इंचांची छाप काढून वाटायचे. दीड लाख पत्रांचं २,५७५ पौंडांचं ओझं ४५ पौंडांवर आलं. म्हणून घरात सापडणारं व्ही-मेल म्हणजे पत्र नव्हेच, पत्राचा फोटो आहे. त्यावर शाईचा रंग, दाब, अश्रूंचा डाग काहीच शोधू नये.

याच युद्धात सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं आणि कॅमेरे जप्त केले. त्यामुळे सुरुवातीच्या काळाचे फोटो बहुतेक सरकारी माणसांनी काढलेले. मंझनार छावणीत तोयो मियाताके या व्यावसायिक फोटोग्राफरने लपवून भिंग आणलं आणि लाकडाचा कॅमेरा बनवून घेतला. पुढे परवानगी मिळाली तेव्हा अट अशी की सगळी जुळवाजुळव त्याने करायची आणि खटका गोऱ्या माणसाने दाबायचा. जे फोटोत नाही ते पत्रांत सापडतं. सॅन डिएगोच्या ग्रंथालयातली क्लॅरा ब्रीड स्टेशनवर निरोप द्यायला गेली आणि आपल्या बालवाचकांना तिकीट लावलेली, स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं वाटून आली. मुलांची ती पत्रं आज लॉस एंजेलिसच्या जपानी-अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मुलं साबण मागतात, पुस्तकं मागतात, धुळीबद्दल सांगतात. तिची उत्तरं मुलांकडे गेली, म्हणजे आपल्या हाती संवादाची एकच बाजू आहे, आणि मुलं भेटवस्तू पाठवणाऱ्या मोठ्या बाईला लिहिताहेत हेही विसरता येत नाही.

मराठी वाचकाला ठाऊक असलेला एक अमेरिकन फोटो याच रीतीने पाहा. पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातल्या तीन विद्यार्थिनी: आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लांबुली. तारीख १० ऑक्टोबर १८८५. पण फोटोबरोबर जो मजकूर फिरतो त्यात तिघींच्या नावांमागे ‘डॉ.’ आहे. आनंदीबाईंना पदवी मार्च १८८६ मध्ये मिळाली, ओकामींना १८८९ मध्ये, इस्लांबुलींना १८९० मध्ये. म्हणजे त्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती. मथळा मागाहून आला. आनंदीबाईंना गाव दिलंय ते कलकत्त्याजवळच्या सेरामपूरचं, तेही बिघडलेल्या स्पेलिंगमध्ये. अमेरिकेला निघण्याआधी त्या तिथे राहत होत्या, म्हणून कॉलेजच्या लेखी त्या तिथल्या. कल्याण-पुणे या फोटोत कुठेच नाही. ते पत्रांत सापडतं.

घरात असा ऐवज असेल, भारतात असो वा न्यू जर्सीत, तर हाताळणी थोडक्यात. गठ्ठा ज्या क्रमाने बांधलाय तो मोडायच्या आधी क्रमांक टाका. कोणतं पत्र कोणत्या पाकिटात होतं, कोणता फोटो कोणत्या पत्रात होता, ही माहिती एकदा गेली की परत येत नाही. पत्राला कोरडे स्वच्छ हात, फोटोला नायट्राइलचे (रबरासारखे) हातमोजे. पत्रांना ४००, फोटोंना ६०० आणि बारक्या टिनटाइपला १२०० डीपीआयवर, रंगीत, टिफ फाइलमध्ये स्कॅन करा, पाठीसकट, कोरी असली तरी. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो. पीव्हीसीचे प्लॅस्टिक पाऊच फोटोला खातात, पॉलिएस्टर चालतं. १९७०च्या दशकातले चिकट पानांचे अल्बम सगळ्यात वाईट: फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा, मग दात साफ करायच्या दोऱ्याने (डेंटल फ्लॉस) मागून हळूहळू सोडवा. नाव लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, मागे कडेला.

छापायचं असेल तर एक कायदेशीर बाब. अमेरिकेत पत्राचा कागद मिळणाऱ्याचा, पण त्यातले शब्द लिहिणाऱ्याचे आणि त्याच्या वारसांचे. अप्रकाशित पत्राचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो. लिलावात पत्र विकत घेतलं म्हणून ते छापायचा अधिकार मिळत नाही.

सराव मात्र घरबसल्या करता येतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘बाय द पीपल’ हा उपक्रम स्कॅन केलेली पत्रं कोणालाही नक्कल करायला देतो, त्यासाठी खातंही लागत नाही. दुसऱ्याची नक्कल तपासायची असेल तरच खातं काढावं लागतं. पहिल्या दिवशी एक पान उतरवायला तास लागतो. त्याच माणसाच्या हातची दहा पानं झाली की त्याचा ‘आर’ आणि ‘व्ही’ कळायला लागतो.

ह्युमिस्टनच्या मुलांच्या फोटोची पुढे कार्डं काढली गेली आणि देशभर विकली गेली. मागे छापलेलं असायचं की मिळकत सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आहे. त्या पैशांतून १८६६ मध्ये गेटिसबर्गला आश्रम निघाला, फिलिंडा मुलांना घेऊन तिथे राहायला आणि कामाला गेली. पुढे व्यवस्थापिकेवर मुलांना मारहाण केल्याचा खटला झाला, डॉ. बर्न्स यांच्यावर पैसे खाल्ल्याचे आरोप झाले, आणि १८७७ मध्ये आश्रम बंद पडला. कार्डाच्या पाठीवर यातलं काही नाही. त्यासाठी कोर्टाची दफ्तरं आणि गावची वर्तमानपत्रं उघडावी लागतात.